वाचकांच्या शंका : दगडीपाल्याचा अर्क आणि नळीत न गोठलेले रक्त

प्रश्न : मी ठाण्यातील एका महाविद्यालयात जीवरसायनशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पासाठी मी येऊरच्या रस्त्याकडेला मिळणारा दगडीपाला सावलीत वाळवला आणि त्याची पूड पाण्यात उकळून अर्क काढला. ५० ग्रॅम पुडीतून ६ ग्रॅम कोरडा अर्क मिळाला. मैत्रिणीचे रक्त कळव्याच्या एका लॅबमध्ये निळ्या झाकणाच्या नळीत काढून घेतले आणि बर्फाच्या डब्यात ठेवून लोकलने महाविद्यालयात आणले. प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या पेशीविरहित द्रव भागात, मिलिलिटरला १० मिलिग्रॅम अर्क पडेल अशा बेताने मिसळल्यावर पीटी (प्रोथ्रॉम्बिन टाइम, म्हणजे प्लाझ्मा गोठायला लागणारा वेळ) १३ सेकंदांवरून ४१ सेकंदांवर गेला. एपीटीटी या गोठण्याच्या दुसऱ्या चाचणीच्या नळीत तर दोन मिनिटे उलटली तरी गुठळी धरली नाही. तळाशी थोडा भुरकट गाळ मात्र दिसत होता. आमच्या गावी खरचटले की हाच पाला चोळून लावतात आणि रक्त थांबते. मग हा पाला रक्त गोठवतो की पातळ करतो? निष्कर्षात काय लिहू? — एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे तळाशी दिसलेला भुरकट गाळ. सेकंदांचे आकडे तूर्त बाजूला ठेवून आधी त्या गाळाकडे पाहू.

रक्त गोठते तेव्हा प्लाझ्मात विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतू तयार होतात आणि त्यांचे जाळे विणले जाते. ही गुठळी जेलीसारखी असते. नळी तिरकी केली की ती एकसंध सरकते आणि तारेचे टोक बुडवून उचलले तर धाग्यासारखी वर येते. तुम्ही वर्णन केलेला गाळ तसा नाही. तो पिठाळ आहे आणि खाली बसणारा आहे. पाने पाण्यात उकळली की त्यांतील टॅनिन अर्कात उतरते, आणि टॅनिनचा स्वभावच असा आहे की ते प्रथिनांना धरून त्यांचा साका करते. कच्चे केळे किंवा सुपारी चावल्यावर जिभेला जो तुरटपणा जाणवतो, तो लाळेतील प्रथिनांवर टॅनिनने केलेल्या याच क्रियेचा आहे. तुमच्या नळीत फायब्रिनोजेन आणि गोठण्याचे इतर घटक चाचणी सुरू होण्याआधीच अशा रीतीने खाली बसले असतील, तर पुढे गुठळी धरायला उशीर होणारच. परंतु त्याला रक्त पातळ करणारा औषधी गुण म्हणता येणार नाही, कारण असा अर्क अंड्याच्या पांढऱ्या बलकाचाही साकाच करील.

याची खातरजमा करणे अवघड नाही. एका नळीत फक्त प्लाझ्मा आणि अर्क घ्या. पीटीमध्ये गोठणे सुरू करून देणारे थ्रॉम्बोप्लास्टिन घालू नका, कॅल्शियमही घालू नका. ती ३७ अंश सेल्सिअसच्या वॉटर बाथमध्ये ठेवून पाहा. गढूळपणा आला, तर संशय टॅनिनवर पक्का होतो. मग अर्कातील टॅनिन पॉलीव्हिनाइल पॉलीपायरोलिडोन या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पुडीने काढून घ्या, ती पूड गाळून टाका आणि सगळ्या चाचण्या नव्याने करा. टॅनिन काढल्यावर पीटी पुन्हा १३ सेकंदांच्या आसपास आला, तर प्रकल्पाचा खरा निष्कर्ष तुमच्या हाती आला असे समजा, आणि तो निःसंकोच लिहा.

दुसरा संशय कॅल्शियमचा. निळ्या झाकणाच्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट असते. एक भाग सायट्रेटला नऊ भाग रक्त, म्हणजे ०.३ मिलिलिटरला २.७ मिलिलिटर, हे प्रमाण ठरलेले असते. सायट्रेट रक्तातील कॅल्शियम बांधून ठेवते, म्हणून रक्त नळीत पातळ राहते, आणि चाचणीच्या वेळी आपण कॅल्शियम परत देतो तेव्हा गोठण्याची साखळी सुरू होते. आता अनेक पानांत ऑक्सलेट, सायट्रेट, फायटेट असे कॅल्शियम बांधणारे पदार्थ असतात. साखर तपासायला रक्त घेतात त्या राखाडी झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ऑक्सलेटच घातलेले असते, यावरून त्याची ताकद लक्षात येईल. तुमच्या अर्काने परत दिलेले कॅल्शियम पुन्हा अडवून ठेवले असेल, तर वेळ वाढण्याचे श्रेय कोणत्याही नव्या रेणूला देता येणार नाही. त्यासाठी थ्रॉम्बिन टाइम करा. त्या चाचणीत थ्रॉम्बिन थेट फायब्रिनोजेनवर काम करते आणि ते काम कॅल्शियमवर फारसे अवलंबून नसते. पीटी आणि एपीटीटी लांबले, पण थ्रॉम्बिन टाइम जागच्या जागी राहिला, तर कॅल्शियमचा मुद्दा बळावतो. त्यानंतर एपीटीटीमध्ये नेहमीच्या २५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइडऐवजी थोडे अधिक प्रमाण घेऊन पाहा. मात्र तोच बदल अर्काविना ठेवलेल्या नळीतही करा, कारण जादा कॅल्शियमनेही वेळ बिघडते.

अर्काविना ठेवायच्या नळीत काय घातले होते, ते तुम्ही लिहिलेले नाही. त्या नळीत अर्काच्या आकारमानाइतकेच सलाइन घालावे लागते, कारण प्लाझ्मा नुसता पातळ केला तरी सेकंद वाढतात. अर्काचा सामू (पीएच) तपासा आणि तो ७.४ च्या जवळ आणून मगच वापरा. पुढे कधी अल्कोहोलमधून अर्क काढलात, तर अर्काविना ठेवलेल्या नळीत तेवढेच अल्कोहोल घालावे लागेल.

बर्फाच्या डब्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. पीटीसाठी घेतलेले रक्त बर्फात ठेवायचे नसते, कारण थंडीने रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी सातवा घटक (फॅक्टर VII) आपोआप जागा होतो आणि निकाल फसवा येतो. नळी खोलीच्या तापमानाला, झाकण न उघडता आणावी. एपीटीटीसाठी चार तासांच्या आत काम उरकावे. कळव्याहून ठाण्याला यायला काही मिनिटेच लागतात, त्यामुळे बर्फाची गरजच नव्हती. नळी खुणेपर्यंत भरली होती का, तेही आठवून पाहा. कमी भरली तर सायट्रेट जास्त होते आणि सेकंद विनाकारण वाढतात. शिवाय एकाच मैत्रिणीचे रक्त पुरेसे नाही. निदान काही निरोगी व्यक्तींचा प्लाझ्मा एकत्र करावा, आणि त्यांतल्या कोणी आधीच्या दहा दिवसांत ॲस्पिरिन घेतलेली नसावी. हे सारे संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि रक्त देणाऱ्यांची लेखी संमती घेऊनच करावे. मैत्रिणीचे रक्त असले तरी ही अट सुटत नाही.

या नळ्यांनी मलाही फसवले आहे. शिकवायला लागले त्या पहिल्या वर्षी एका प्रात्यक्षिकात वर्गातल्या एकाही नळीत रक्त गोठेना. ज्या नळ्यांत अर्क घातलाच नव्हता, त्यांतही नाही. शोधता शोधता कळले की काचेच्या नळ्या आदल्या दिवशी धुण्याच्या साबणाने घासून नीट न विसळता वाळवल्या होत्या. काचेचा स्वच्छ पृष्ठभाग स्वतःच रक्त गोठण्याला चालना देतो, आणि त्यावर साबणाचा थर राहिला की ती चालना मिळत नाही. घोणस चावलेल्या रुग्णासाठी ग्रामीण रुग्णालयांत करतात ती वीस मिनिटांची चाचणी याच तत्त्वावर उभी आहे. कोऱ्या, कोरड्या काचेच्या नळीत २ मिलिलिटर रक्त घेऊन न हलवता ठेवतात आणि वीस मिनिटांनी नळी कलती करतात. रक्त तरीही वाहते राहिले, तर विषाने गोठण्याचे घटक संपवले आहेत असे मानून प्रतिविष सुरू करतात. तिथे प्लॅस्टिकची किंवा साबणाने धुतलेली नळी वापरली, तर निदानच चुकते. म्हणून नळी कुठली आणि ती कशी धुतली, हे प्रबंधात लिहायला लाजू नका.

आता प्रमाणाचा हिशेब. मिलिलिटरला १० मिलिग्रॅम हे प्रमाण ऐकायला लहान वाटते. प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ३ लिटर प्लाझ्मा असतो. तेवढ्या प्लाझ्मात हे प्रमाण गाठायचे, तर ३० ग्रॅम अर्क संपूर्णपणे आणि एकाच वेळी रक्तात उतरावा लागेल. तुमच्याच उताऱ्याप्रमाणे ५० ग्रॅमला ६ ग्रॅम धरले, तर ही झाली २५० ग्रॅम वाळल्या पाल्याची पूड, आणि तीही न पचता. त्यामुळे १० मिलिग्रॅमवर थांबू नका. ५, २, १, ०.५ असे खाली उतरत जा. परिणाम प्रमाणाबरोबर हळूहळू कमी होतो, की एका टप्प्यावर एकदम नाहीसा होतो, हे पाहण्यासारखे आहे.

जखमेचे काय? तुमच्या गावचा अनुभव मी खोटा ठरवत नाही. चोळलेला पाला जखमेवर दाबून धरला जातो, आणि दाब हाच रक्त थांबवण्याचा सर्वांत जुना उपाय आहे. पाल्याचा चोथा बिंबिकांना (प्लेटलेट्सना) चिकटायला खडबडीत जागा देतो आणि टॅनिनच्या तुरटपणाने जखमेच्या तोंडावर प्रथिनांचा पापुद्रा धरतो. जे टॅनिन तुमच्या नळीत गोठण्याच्या आड आले असण्याची शक्यता आहे, तेच त्वचेवर रक्त अडवण्यास मदत करू शकते. तुमच्या नळीत बिंबिका नव्हत्या, रक्तवाहिनी नव्हती, दाब नव्हता. शिवाय साधे खरचटलेले काही मिनिटांत आपोआपही थांबते, त्यामुळे पाला न लावता नुसते दाबून धरलेल्या जखमेशी तुलना केल्याशिवाय पाल्याचा वाटा किती, ते सांगता येणार नाही. खोल किंवा मातीत भरलेल्या जखमेवर कोणताही पाला लावू नये. ती स्वच्छ पाण्याने धुवावी आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे.

थोडे वनस्पतीच्या ओळखीबद्दल. दगडीपाला, एकदांडी, कंबरमोडी ही नावे ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स या वनस्पतीला लावतात, पण गावोगावी नावे सरकतात आणि एकाच नावाने दोन झाडे ओळखली जातात. म्हणून फुलासकट फांदी दाबून, वाळवून मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील ब्लॅटर हर्बेरियम या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहासारख्या ठिकाणी ओळख पटवून घ्या. घरच्या औषधांत रुळलेली ही वनस्पती मुळात उष्णकटिबंधीय अमेरिकेतून आलेली आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. येऊरचे जंगल राष्ट्रीय उद्यानात येते, तेव्हा पाने तिथून तोडू नका. हे तण ठाण्यात कोणत्याही मोकळ्या जागेत उगवते.

निष्कर्षात तूर्त एवढेच लिहा : पाल्याच्या जलीय अर्काने सायट्रेटयुक्त प्लाझ्मात पीटी आणि एपीटीटी लांबले, त्याच वेळी गाळ दिसला, आणि टॅनिन व कॅल्शियम यांचा वाटा वेगळा काढणे बाकी आहे. ‘रक्त पातळ करणारी नवी वनस्पती’ असे शब्द कृपया लिहू नका. ते वाचून कुणी तरी पाल्याचा रस प्यायला लागेल.

प्रश्न : माझ्या आईची हृदयाची झडप बदलली आहे. ती रोज ॲसिट्रोम ही रक्त पातळ ठेवणारी गोळी घेते आणि दर महिन्याला आयएनआर (पीटीवरून काढलेला प्रमाणित आकडा) तपासते. तिला हळद, आले आणि लसणीचा काढा सुरू करायचा आहे. आईचे रक्त आणि काढा नळीत एकत्र करून लॅबमध्ये तपासून घेता येईल का? — एक वाचक, नेरुळ

उत्तर : काळजीपोटी विचारलेला प्रश्न आहे आणि कल्पना वरवर तर्कशुद्ध वाटते, पण अशा चाचणीवर विसंबू नका. याचे सर्वांत मोठे कारण आईच्या गोळीच्याच इतिहासात आहे.

१९२० च्या दशकात उत्तर अमेरिकेत गुरे साध्या जखमांनी रक्त वाहून मरू लागली. ती स्वीट क्लोव्हर नावाचा, मेथीच्या कुळातला चारा खात होती. ताजा चारा निरुपद्रवी होता. बुरशी लागलेला चारा खाल्ला की आजार होई. १९३३ च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी मेलेली कालवड, तो सडका चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये भरलेले न गोठणारे रक्त घेऊन, हिमवादळातून जीवरसायनशास्त्रज्ञ कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोहोचला. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाऱ्याचे अर्क सशांना खाऊ घातले आणि मग त्या सशांच्या रक्ताचा गोठण्याचा वेळ मोजला. सहा वर्षांच्या कष्टांनंतर, १९३९ मध्ये, त्यांना रक्त गोठू न देणाऱ्या डायकुमेरॉलचे स्फटिक मिळाले. त्याच घराण्यातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदरांचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांचे औषध झाले. ॲसिट्रोममधील ॲसिनोकुमेरॉल हे याच घराण्यातले.

आता मुद्दा असा की डायकुमेरॉल किंवा वॉरफरिन थेट नळीतल्या प्लाझ्मात टाकले, तर काहीच होत नाही. ही औषधे यकृतात के जीवनसत्त्वाच्या पुनर्वापराला अडथळा करतात. त्यामुळे दुसरा, सातवा, नववा आणि दहावा हे घटक पुरेसे तयार होत नाहीत, आणि आधीचे घटक संपत जातील तसा काही दिवसांनी परिणाम दिसतो. लिंक यांनी सशांना खाऊ न घालता नुसते नळीत अर्क मिसळून पाहिले असते, तर त्या चाऱ्याला त्यांनी निर्दोष ठरवले असते. आईच्या काढ्याबाबतही नळी अशीच गप्प राहू शकते, किंवा उलट, पोटात पचून जाणाऱ्या एखाद्या पदार्थामुळे उगाच घाबरवू शकते. पालकाचेच पाहा. त्याचा अर्क नळीत पुरेसा घातला, तर त्यातील विद्राव्य ऑक्सलेट कॅल्शियम बांधून गोठणे लांबवू शकते. पण ताटात वाढलेला पालक के जीवनसत्त्व पुरवतो आणि आईच्या गोळीचा परिणाम कमी करतो. तीच भाजी, आणि दिशा नेमकी उलटी.

लसणीची गोष्ट आणखी वेगळी आहे. तिच्यातील अजोईनसारखे घटक बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाहीत. हा परिणाम पीटी-आयएनआरमध्ये दिसत नाही. आयएनआर ठरलेल्या मर्यादेत असूनही हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर निळे डाग उठणे किंवा शौच काळी होणे शक्य आहे, आणि असे काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

भाजी-आमटीतली हळद, आले, लसूण आईने नेहमीसारखे खावे. आटवलेला काढा, हळदीच्या किंवा लसणीच्या कॅप्सूल यांत मात्र प्रमाण अनेक पटींनी वाढते, म्हणून ते आईच्या हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. त्यांनी परवानगी दिली, तर काढा सुरू करण्याआधी आणि नंतर काही दिवसांनी आयएनआर करून घ्यावा, पुढच्या महिन्याची वाट पाहू नये. सुरू असलेला काढा अचानक बंद करतानाही तेच करावे. पालेभाज्या सोडायच्या नाहीत. आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खायच्या. गोळी स्वतःहून बंद करणे किंवा बदलणे झडपेवर गुठळी धरण्याला निमंत्रण ठरते, तेव्हा ते कदापि होऊ देऊ नका. दात काढायचा असला तरी दंतवैद्यांना गोळीबद्दल आणि काढ्याबद्दल, दोन्हींबद्दल सांगा.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्या सोसायटीत डेंग्यू झाला की पपईच्या पानांचा रस देतात. त्याने रक्त गोठायला मदत होते का? — एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : पपईच्या पानांवर झालेला अभ्यास मुख्यतः बिंबिकांच्या संख्येचा आहे. काही चाचण्यांत संख्या थोडी लवकर वाढलेली दिसली, पण त्यामुळे गंभीर रक्तस्राव किंवा मृत्यू टळतात असे खात्रीने सिद्ध झालेले नाही. डेंग्यूचा खरा धोका बहुधा ताप उतरू लागतो तेव्हा असतो. त्या वेळी रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा बाहेर झिरपतो आणि रक्तदाब घसरतो. रसाने तो झिरपा थांबतो असे मानून रुग्णालयात जाणे लांबवू नका. सतत उलट्या, पोटात तीव्र दुखणे, कुठूनही रक्त येणे किंवा सुस्ती दिसली तर रात्रीही निघा. ॲस्पिरिन आणि आयबुप्रोफेन देऊ नका.

प्रश्न : विज्ञान प्रदर्शनासाठी विद्यार्थ्यांच्या बोटाचे रक्त घेऊन त्यावर पाल्याचा परिणाम दाखवावा, असा विचार आहे. चालेल का? — एक शिक्षिका, ऐरोली

उत्तर : नाही. मुलांच्या बोटाला सुई टोचून प्रदर्शनात रक्त हाताळणे म्हणजे कावीळ बी आणि एचआयव्हीच्या संसर्गाचा धोका पत्करणे होय. वापरलेल्या सुया आणि नळ्यांची विल्हेवाट जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे लावण्याची सोय शाळेत नसते. मात्र याच विषयाचा एक भाग रक्ताशिवाय फार सुंदर दाखवता येतो. काष्ठौषधींच्या दुकानातून हिरड्याची पूड आणा, ती पाण्यात उकळून गाळून घ्या. दुसऱ्या ग्लासात कोमट पाण्यात चिमूटभर जिलेटिन आणि थोडे मीठ विरघळवा. ते पाणी जवळजवळ नितळ दिसेल. त्यात हिरड्याचे पाणी थेंब थेंब सोडा. थेंब पडताच पाणी गढूळ होते आणि थोड्या वेळाने पिठाळ गाळ तळाशी बसतो. शेजारी नुसते जिलेटिनचे पाणी असलेला तिसरा ग्लास ठेवा, त्यात हिरड्याऐवजी तेवढेच साधे पाणी घाला, आणि हा ग्लास कशासाठी ठेवला आहे ते मुलांनाच ओळखू द्या.